साफ केलेला फोटो

चमेलीबाईंनी आपला पासपोर्ट उघडून काउंटरवर ठेवला. शेजारी महिन्यापूर्वी याच स्टुडिओत काढलेला फोटो ठेवला.

"दुर्गेश, ह्या दोघी कोन आहेत, सांग."

स्टुडिओवाल्या दुर्गेशने चष्मा वर सारला. पासपोर्टातली बाई सावळी होती. तिच्या कपाळावर तीन आणि हनुवटीवर दोन, असे गोंदणाचे पाच हिरवट ठिपके होते. फोटोतली बाई उजळ, गुळगुळीत. कपाळ कोरं, हनुवटी कोरी. पासपोर्टातला चेहरा सरकारी कॅमेऱ्याने दिसला तसा घेतला होता. फोटोतला दुर्गेशने कॉम्प्युटरवर बसून घडवला होता.

"तुम्हीच आहे ना, मावशी. थोडं साफ केलं."

"कोनं सांगतलं होतं?"

"सांगा लागते का? सगळ्यांचंच करतो. लग्नाचा असो, मयताचा असो. गोदना, डाग, चट्टे, सब साफ. तुमच्याकडून त्याचे पैसेबी नाही घेतले."

म्हणजे वर उपकार! चमेलीबाईंची कानशिलं तापली. त्यांनी पिशवीतून एक कागद काढून त्याच्यापुढे आपटला. मुंबईहून व्हिसाच्या अर्जासोबत परत आला होता तो. फोटो पासपोर्टमधल्या चेहऱ्याशी जुळत नाही, नवा फोटो लावून अर्ज पुन्हा करावा, असं त्यावर दोन ओळींत लिहिलं होतं.

बावीस कागदांची फाइल होती ती. बाजारातला एजंट हसून म्हणाला होता, "जपानचा व्हिसा म्हणजे रेशनकार्ड नाही, मावशी. तुमच्यानं होणार नाही." आमगावच्या दवाखान्यात तीस वर्षं नर्स राहिलेल्या बाईला हे ऐकवत होता! चमेलीबाई तडक घरी आल्या. इंग्रजीचा कोश शेजारी ठेवून एकेक रकाना त्यांनी स्वतः भरला. पेन्शनचा कागद, बँकेचा कागद, कोणत्या दिवशी कोणत्या गावी मुक्काम, सगळं लावलं. कशासाठी जाता, या प्रश्नापुढे लिहिलं, धानाची रोवणी पाहायला. लहानपणी बापाच्या बांधीत, धानाच्या शेतात, चिखलात वाकून त्यांनी रोपं लावली होती. तिकडे पाठ न वाकवता यंत्रावर बसून लावतात, हे टीव्हीवर पाहिल्यापासून त्यांना एकदा ते डोळ्यांनी पाहायचं होतं. त्या बावीस कागदांत एक चूक नव्हती. चूक होती दोन बोटांएवढ्या फोटोत, आणि तीही दुसऱ्याची.

"जूनच्या मधात तिकडली रोवनी सरते," त्या म्हणाल्या. "माह्यासाठी थांबून राहील का ते?"

"चिडू नका. आत्ताच दुसरा काढून देतो. फ्री में."

चमेलीबाई पांढऱ्या पडद्यापुढच्या स्टुलावर बसल्या. "मान सरळ. हलू नका," दुर्गेश म्हणाला. फ्लॅश पडला. मग तो कॉम्प्युटरपुढे बसला आणि त्या त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या. स्क्रीनवर त्यांचा चेहरा आला. दुर्गेशचा हात सवयीने फिरला आणि कपाळावरचा पहिला ठिपका नाहीसा झाला.

"हात काढ!"

शेजारच्या दुकानातली गिऱ्हाइकं वळून पाहू लागली. दुर्गेशने घाईघाईने ठिपका परत आणला.

"आदत आहे हो, मावशी. लोकांले नाही आवडत. मागासलेलं दिसते म्हणतात."

"तुले बरी दिसाले नाई आली मी इथं. मी हाय तशी दिसली पाहिजे."

चार फोटो छापून निघाले. चमेलीबाईंनी प्रत्येक फोटो पासपोर्टाशी लावून ठिपके मोजले आणि दोन फाइलीत ठेवले. दुर्गेशने सुटकेचा निःश्वास टाकला. पण त्या गेल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली एक तसबीर काढली.

"हे माही माय. सात वर्षं झाली, तुह्याच इथं मोठा केला होता फोटो."

म्हातारीचं कपाळ कोरं होतं, हनुवटी कोरी होती.

"तो कागद वापस आला तवा भिंतीवर पाहिलं मी. सात वर्षं रोज पाया पडून राहिली, अन् ध्यानात नाई आलं." हा राग त्यांचा स्वतःवर होता, आणि तो जास्त होता. "वापस टाक तिचं गोंदन."

दुर्गेशने तसबीर हातात घेतली, खाली ठेवली. "एवढी जुनी फाइल कुठं राहील आता? तुमच्याकडे बारका फोटो असंल ना?"

"एकच होता. तुले देला होता, वापस नाई भेटला."

दुर्गेशने खालचा खण उघडला, जुनी पाकिटं चाळली आणि खण लावून टाकला.

"माय म्हने, मेल्यावर सोनंनानं सारं इथंच राहते, गोंदन तेवढं संगं येते. तिकडं आपले लोक त्याच्यावरूनच ओळखतात." चमेलीबाईंनी तसबिरीतल्या कोऱ्या कपाळावर बोट ठेवलं. "आता कोन ओळखंल तिले?"

 मग चमेलीबाईंनीच तसबिरीच्या मागचे बारीक खिळे उपसले आणि फोटो काढून काउंटरवर सपाट ठेवला. गोंदणारी बाई गावात आली तेव्हा तिने मायलेकींना एकाच बैठकीत गोंदलं होतं, एकसारखं. अर्ज भरायला घेतलेला काळ्या शाईचा पेन पर्समध्ये होता. त्यांनी त्याचं टोपण काढलं.

"आरसा आन."

गिऱ्हाइकं भांग पाडायची तो आरसा दुर्गेशने आणला आणि त्यांच्यापुढे धरला. चमेलीबाईंनी आपलं कपाळ पाहिलं, मग आईचं पाहिलं आणि पेन टेकवला.

"सरळ धर," त्या म्हणाल्या. "हलू नको."