चुलीस पुरली

"सातशे वर्षं ह्या चुलीवर भात रांधताय आणि खाली काय आहे याचा पत्ता नाही!" रणदिवे तुच्छतेने थुंकला आणि त्याने मठाच्या चुलीवर कुदळ हाणली. खांबाला बांधलेली स्वयंपाकीणबाई उडणाऱ्या राखेकडे बघत होती. असल्या अडाण्यांना मठ स्थापणाऱ्या महाराजांची हरवलेली, आता लाखमोलाची लाकडी कुबडी कधी सापडणार!

जुन्या मोडी कागदासाठी त्याने मठाच्या म्हाताऱ्या कारभाऱ्याचा खून केला होता. रणदिवेने कागद मोठ्याने वाचल्यावर तो वेडा मरता मरता हसला होता.

कमरेइतका खड्डा झाला, तरी राखेशिवाय काही निघेना.

"कागदात लिहिलंय तरी काय?" बाईने विचारलं.

"'अतिवृष्टीच्या साली महाराजांची कुबडी चुलीस पुरली.' कळलं काही?" तो खेकसला.

"अरे शहाण्या, त्या साली सरपण भिजलं असणार. महाराजांनीच कुबडी चुलीत सारली आणि पंगतीचा भात होईपर्यंत ती पुरली. 'तेल महिनाभर पुरलं' म्हणतो ना आपण, तशी!"

रणदिवेने राखेने माखलेल्या आपल्या हातांकडे पाहिलं.

बाई हसायला लागली. अगदी त्या म्हाताऱ्यासारखी.