पाठमोरा आमदार

"अगं, सरक की जरा! तुझ्या अंबाड्यापुढं मला आमदार दिसेना!"

पुढच्या खोलीत हशा पिकला. अख्खा वॉर्डच लोटला होता म्हणा ना. ड्युटी संपवून तशाच गणवेशात आलेल्या नर्सबाया सतरंजीवर दाटीवाटीनं बसल्या होत्या. आणि ज्याला बघायला आल्या होत्या तो आमदार टीव्हीतही होता आणि त्यांच्या मागं सोफ्यावरही.

तसा खरा आमदार नव्हेच तो. उभ्या जन्मात साधी सोसायटीची निवडणूक लढवली नव्हती. नट माणूस. पण सिरियलमधला हा कुणाच्या बापाला न भिणारा आमदार लोकांच्या असा काही मनात भरला, की भाजीवालासुद्धा वजन करता करता म्हणायचा, "आमदारसाहेब, आमच्या गटाराचं तेवढं बघा."

आजचा भाग तसाच वादाचा. संप करणाऱ्या नर्सला तुरुंगात घालायचा कायदा. सिरियलमध्ये तो आज मताला यायचा होता आणि खऱ्या विधानसभेत उद्या. आमदारांची बायको स्वतः नर्स. तिच्या मैत्रिणींना त्यांनी छातीठोक सांगून ठेवलं होतं, "पक्ष गेला खड्ड्यात. मी विरोधात हात वर करतो. शूटिंगसुद्धा झालंय."

मोठ्या सिस्टर तेव्हा म्हणाल्या होत्या, "एवढं झालं तरी पुष्कळ. लोक तुमचं ऐकतात. उद्या विधानसभेत बसणाऱ्यांना जरा तरी लाज वाटेल."

टीव्हीतले आमदार बोलायला उठले. "ज्या हातांनी तुम्हाला-मला या जगात पहिल्यांदा उचललं, त्याच हातांत बेड्या घालायच्या?"

टाळ्या पडल्या. बायकोनं नवऱ्याकडं असं बघितलं, की त्यांना आपलं लग्न आठवलं.

मग टीव्हीतले आमदार खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. सोफ्यावरचे आमदार पुढं झुकले. हा त्यांचा लाडका शॉट. दिग्दर्शक म्हणाला होता, "काका, मागून घेतो. एक शब्द नाही. नुसती शांतता, आणि मग थेट मत." तेव्हापासून घरात येताजाता सांगत होते, "नुसत्या पाठीनं रडवतो की नाही बघा."

"पाणी आणतो," म्हणत दाराशी उभा असलेला त्यांचा मुलगा आत सटकला. पाणी कुणी मागितलं नव्हतं.

आणि टीव्हीतली पाठ बोलायला लागली.

"पण शेवटी शिस्त नको का कुठंतरी? पक्षाचं बरोबर आहे. माझं मत कायद्याच्या बाजूनं."

लगेच अध्यक्षांचा आवाज आला, "बाजूनं असतील त्यांनी हात वर करा." आमदारांचा हात वर गेला. हात त्यांचाच. शूटिंगच्या दिवशी विरोधात केलेला तोच हात, तोच सदरा, तीच ताठ मान.



आवाजही त्यांचाच वाटत होता. तोच खर्ज, तीच थांबायची लकब. फक्त बोलायच्या आधी नाकानं ओढून घेतलेला तो श्वास त्यांचा नव्हता. जाहिरातींना आवाज देणाऱ्या त्यांच्या पोराचा होता. लहानपणी बापाच्या आवाजात शाळेत फोन करून दांडी मारायचा कार्टा. आमदार हे येईल त्याला कौतुकानं सांगायचे.

त्यांनी बायकोकडं बघितलं. त्या श्वासासाठी हिनं पोराला मांडीवर घेऊन वाफारे दिले होते. तिनं मान खाली घातली होती.

"आमदारसाहेब," मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही तर म्हणाला होतात..."

आमदारांनी तोंड उघडलं. आतून भांड्याचा आवाज आला. त्यांनी तोंड मिटलं.

"चला गं," सिस्टर उठल्या. "साहेब दमलेत. उद्या त्यांचं बघून खऱ्या आमदारांनाही हात वर करायचेत."

बाया चपला शोधत निघाल्या. जिच्या अंबाड्यावरून हशा झाला होता ती दारातनं एकदा वळून बघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मुलगा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आला. "एवढं काय झालं? मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणी तुमचा आवाज काढला असता. आणि तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही सिरियल सोडून मोकळे झाला असता. बाबा, नाटक आहे ते!"

"माझ्या हातांत बेड्या घालायला सांगितलंस," आई म्हणाली, "तेव्हा ठसका नाही का रे लागला?"

 पोरानं तांब्या बापापुढं धरला. "घ्या, बाबा."

आमदार उठले. आतल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यावं असं फार वाटलं त्यांना. पण आत जायचं म्हणजे पोराकडं पाठ करावी लागणार होती.

ते तसेच मागं मागं सरकत गेले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले.