कॅसेटीतली फुंकर

शहागडच्या भंगारवाल्याकडून आणलेली व्हिडिओ गेमची जुनी कॅसेट काही सुरू होईना. बदनापुरात एकटा राहणाऱ्या कल्याणनं लहानपणीसारखी तिच्यात फुंकर मारली. टीव्हीवर नुसत्या मुंग्या.

तेवढ्यात बहिणीचा फोन आला.

"साधना, आज रिमोटची जोडीबी भेटली बघ. बिलकुल नवी."

"पण दादा, खेळून राह्यला कोणासंगं?"

"एकटाच."

"मंग जोडी कशाला?"

फोन ठेवून त्यानं कॅसेट पुन्हा ओठांजवळ नेली. तो फुंकायच्या आधीच आतून फुंकर आली. उबदार, ओलसर.

मग त्यानं कॅसेट लावली. टीव्ही लगेच उजळला.

सतरंजीवर तो थोडा बाजूला सरकला आणि दुसरा रिमोट मोकळ्या जागेत ठेवला.