बांधापलीकडचा चेंडू

डोळखांबजवळच्या पाड्यावर भातकापणी झाली की मोकळ्या खाचरात फुटबॉल रंगायचा. चेंडू बांध ओलांडून शेजारच्या खाचरात गेला, तर खेळही त्याच्यामागं तिकडं जायचा. असाच डाव्या कडेनं पळत आदेश व्यावसायिक क्लबात पोचला. पहिल्याच सामन्यात चेंडू पांढऱ्या रेषेबाहेर गेला, तरी तो पळतच राहिला. नियम ठाऊक होता, पाय ऐकत नव्हते. प्रेक्षक हसले. प्रशिक्षकानं बाकावर बसवलं. मग महिनाभरात तो रेषेपाशी थांबायला शिकला. आज सुट्टीत तो गावच्या खाचरात उतरला. चेंडू धाऊकाकाच्या बांधापलीकडं गेला आणि आदेश हात वर करून थांबला. बाकीचे त्याला मागं टाकून पळाले. “दादा, का थांबलास?” धाकट्या अनितानं विचारलं. “बॉल बाहेर गेला नाय का?” “कशाच्या बाहेर?” आदेशनं पायाशी पाहिलं. बांधाच्या दोन्हीकडं सारखीच धसकटं होती. हात मात्र खाली येईना.