दोन पुरुष पाणी

वरच्या कचेरीने जजसाहेबांसाठी होडी मागवली होती. डिंभ्याच्या शौकतची, मासे धरायची. टेम्पोतून आणून ती धरणाच्या पोटात उतरवली, तेव्हा शौकतने डोकं खाजवत विचारलं, "राव, सोडू कुठं?"

विचारणारच की. चहूकडे बाजरीची धसकटं होती. दर उन्हाळ्यात पाणी ओसरलं की बुडालेल्या गावची माणसं आपल्याच जुन्या रानात येऊन एक पीक काढतात. पाणी राहिलं होतं ते पार तिकडे, अर्ध्या कोसावर.

कचेरीचंही काही चुकलं नव्हतं म्हणा. कागदावर पाणी होतं, म्हणून तिने होडी धाडली. कागद म्हणजे पंचनामा. 'मयत गोरख हौशीराम हा दारूच्या नशेत, जुन्या गावठाणातील मारुतीच्या पारापासून पूर्वेस वीस फूट, दोन पुरुष खोल पाण्यात बुडून मेला. दिनांक चौदा मे दोन हजार एक.' दोन पुरुष म्हणजे एकावर एक उभी दोन माणसं बुडतील इतकं पाणी. खाली फौजदाराची ऐटदार सही.

गोरख धरणात गेलेल्या जमिनीच्या बदल्यात जमीन मागायचा आणि चार गावं मागे घेऊन मागायचा. तेरा तारखेला फौजदाराने त्याला भर बाजारातून पोलिसांच्या जीपमध्ये घातला. चौदाला आईच्या हातात मढं आलं. साळुबाईने अंगावरचे वळ पाहिले. लेकाच्या तोंडाला दारू कधी लागली नव्हती हेही तिला ठाऊक होतं. पण 'बुडून' हा शब्द कागदावर आहे तोवर गोरखला कुणी मारलेलंच नव्हतं. तो एक शब्द खोडायला ती दोन वर्षं दारं झिजवत होती.

शेवटी चौकशी लागली. पाहणीची तारीख दिली ती श्रावणातली, धरण तुडुंब असताना. साळुबाई नको म्हणाली. म्हातारीचं डोकं फिरलं, असं घरचेसुद्धा बोलले. तिने अर्जावर अर्ज दिले: जागा बघायची तर लेक गेला त्याच तारखेला बघा.

म्हणून आज चौदा मे. जजसाहेब होडीपाशी आले आणि पुढे पाणी लागेल म्हणून बुटांच्या नाड्या सोडायला वाकले.

"ऱ्हाऊ द्या साहेब," साळुबाई म्हणाली. "बूट काढायची पाळी येनार न्हाई."

मग ती पुढे आणि कारकून, फौजदार, गावकरी असा सगळा लवाजमा मागे, असे धसकटं तुडवत निघाले. छातीएवढा दगडी पार उन्हात तापला होता. कारकुनाने टेप धरली, पूर्वेला सपाट रानात वीस फूट मोजले आणि तिथे खुंटी ठोकली. माती इतकी कडक की खुंटी आत जाईना. जजसाहेब खुंटीपाशी उभे राहिले आणि त्यांनी फौजदाराकडे नुसतं पाहिलं.

फौजदार काही कच्चा गडी नव्हता. तो म्हणाला, पाणी काय दर साली सारखं असतं का? त्या साली इथे तुडुंब होतं, दोन पुरुष तर मी कमीच लिहिलं. हे तो इतक्या सरळ तोंडाने बोलला की मागे उभ्या असलेल्या गावकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. दोन वर्षांचे हेलपाटे वाया जातात की काय, असं वाटलं. जजसाहेबांनी पिशवीतून एक कागद अर्धवट काढला, पण साळुबाई पुढे सरकलेली पाहून ते थांबले.

तिचा आवाज ठणठणीत होता.

"फौजदारसाहेब, येकच सांगा. वीस फूट मोजलं तवा ह्यो पार तुमाला दिसत व्हता का न्हाई?"

"दिसत होता. त्याशिवाय मोजणार कसं?"

"मंग दोन पुरुष पानी कुटं व्हतं? पार तर येक पुरुषबी न्हाई."

फौजदाराने पाराकडे पाहिलं. दिसत नव्हता म्हणावं, तर वीस फूट कशापासून मोजले? 'दिसत होता' असं तर तो आताच बोलून बसला होता. त्याने टोपी काढली, घाम पुसला, टोपी पुन्हा घालायची विसरला. कुणीतरी खुदकन हसलं आणि मग सगळेच हसू लागले.

जजसाहेब हसले नाहीत. पिशवीतला कागद त्यांनी आता पूर्ण बाहेर काढला. त्या दिवशीची धरणाची पातळी त्यावर होती, आजच्याहून तीन मीटर खाली. फौजदार काय सांगतो ते आधी त्याच्याच तोंडून ऐकायचं होतं, असं ते म्हणाले आणि कारकुनाला सांगू लागले. मयत इथे बुडून मेलेला नाही. पंचनामा खोटा आहे. मयत पोलिसांच्या ताब्यात होता, तेव्हा जबाब पोलिसांनी द्यायचा. फौजदारावर खुनाचा गुन्हा नोंदवावा, अशी आमची शिफारस आहे.

कारकुनाने लिहून घेतलं आणि भीत भीत विचारलं, "साहेब, त्या होडीचं काय लिहू?"

"लिहा. घटनास्थळी पायी गेलो. होडी लागली नाही."

साळुबाई पाराला टेकली. तिला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, दोन्ही एकदमच. पदराने तोंड पुसून तिने कारकुनाला जवळ बोलावलं आणि लिहिलेलं सगळं वाचून दाखवायला लावलं. त्याने वाचलं. फौजदाराला ते उघड्या डोक्याने उभं राहून ऐकावं लागलं.

"आता पुन्यांदा वाच बाबा," ती म्हणाली. "जरा मोट्यानं. पान्यापातुर जाऊ दे."