हवं त्यानं उतरवून घ्यावं

"उष्णता ओळखणारं एक्स्टेंशन फार थोडे लोक वापरायचे," संगणकभाषा ठरवणाऱ्या समितीचे प्रमुख चौबळ म्हणाले. "ते सांभाळायलाही कुणी पुढे येईना. म्हणून नव्या आवृत्तीसोबत दिलं नाही. भाषा मुक्त आहे. हवं त्यानं वेगळं उतरवून घ्यावं."

समोर शर्वरी बसली होती. तिचे दोन्ही कृत्रिम हात याच भाषेवर चालत. शनिवारी रात्री त्यांच्यात नवी आवृत्ती आपोआप आली. सकाळी तिनं नेहमीसारखा बाळाच्या अंघोळीच्या बादलीत हात घालून पाहिला. हाताला चटका बसला नाही, म्हणून बाळाला पायांवर घेतलं आणि पहिला तांब्या ओतला. बाळ अजून दवाखान्यात आहे, पालथं झोपवलेलं.

"बदल आम्ही आधी जाहीर केले होते," चौबळ म्हणाले. "तुम्ही वाचायला हवे होते."

शर्वरीनं टेबलावरच्या किटलीतला वाफाळता चहा स्टीलच्या पेल्यात काठोकाठ ओतला. पेला मुठीत घट्ट धरून तिनं तो त्यांच्यापुढे केला. चौबळांनी सवयीनं हातात घेतला आणि ओरडून टाकून दिला.

"तुम्हाला बरं कळलं," ती म्हणाली. "वेगळं उतरवून घेतलं होतंत का?"