दुसरी टकटक

थोरले कारकून एन्टरची कळ नेहमी दोनदा दाबायचे. “एकदा मशीनसाठी, एकदा मनासाठी, पोरी!” असं हाताखालच्या ताईंना सांगायचे.

त्यांच्याच पासवर्डने ताईंकडून एक फाईल चुकून पुसली गेली होती. नोकरी मात्र कारकुनांची गेली. ताईंनी ब्रही काढला नाही. महिन्याभरात ते वारले.

आता नवं सॉफ्टवेअर आलं. कुणाला कुठला मेनू दिसावा, हे ताईंच्या हातात. जुन्या यादीतलं थोरल्या कारकुनांचं नाव त्या काढायला गेल्या, तर पडद्यावर आलं : ‘वरिष्ठांची परवानगी हवी.’ खाली वरिष्ठ म्हणून कारकुनांचंच नाव.

“मेल्यावरही साहेबी!” ताई कसनुसं हसल्या आणि त्यांनी विनंती पाठवली.

भर दुपारी समोरच्या, कारकुनांच्या रिकाम्या टेबलावर कळ एकदाच वाजली. तिथे कीबोर्डसुद्धा नव्हता.

पडद्यावर ‘मंजूर’ उमटलं.

ताई श्वास रोखून दुसऱ्या टकटकीची वाट बघत राहिल्या.